पौषांतील पाण्याची पाळी

संस्कृतांत 'जड' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्याचा अर्थ थंड असा होतो, बधिर असा होतो आणि मंदबुद्धि असाही होतो. मराठींत आल्यावर त्यानें मुख्यतः वजनाचा अर्थ पत्करला आणि पहिला अर्थ आपण विसरून गेलों. परंतु गारठलेल्या मनुष्याकडे निरखून पाहिलें म्हणजे या तिन्ही गोष्टी एका शब्दांत कां आल्या हें तेव्हांच ध्यानांत येतें. प्रथम कातडी गार पडते, मग बोटें बधिर होतात, आणि त्यानंतर बुद्धीही थिजूं लागते. या तिसऱ्या पायरीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तिच्यासाठींच या महिन्याचें हें पान आम्हीं राखून ठेविलें आहे.

हेमंत व शिशिर या ऋतूंची चर्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. बाहेरची थंडी शरीरांतील अग्नीला आंत कोंडते व तो प्रबळ होतो, म्हणून या दिवसांत स्निग्ध व भरपूर खावें आणि जाड पांघरूण घ्यावें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. आधुनिक शारीरविज्ञान निराळ्या भाषेंत जवळजवळ तेंच सांगतें: थंडी लागली कीं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ऊब शरीराच्या मध्यभागीं राखून ठेवली जाते. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, दुसऱ्या दिवशीं तिळगूळ, हें सर्व आपल्या घरीं यथासांग होतें आणि तें योग्यच आहे. पण ही चर्या घरांत बसणाऱ्याची झाली. ज्याला अपरात्रीं पाण्यांत उभें राहून काम करावयाचें आहे त्याची चर्या वेगळी असते, आणि ती कोणी कोणास शिकवीत नाहीं.

शीत देशांत खिडक्यांच्या कांचा धुण्याचा स्वतंत्र धंदा आहे व तो कडक हिंवाळ्यांतही चालतो. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत राहतात. त्यांनीं हीं माणसें शिडीवर चढलेलीं पाहिलीं असतील. पारा शून्याखालीं उतरला कीं कांचेवरचें पाणी पुसण्यापूर्वींच गोठतें. म्हणून ते बादलींत थोडें स्पिरिट घालतात. मद्यार्क शून्याखालीं ११४ अंशांपर्यंत गोठत नाहीं, त्यामुळें मिश्रणाचा गोठणबिंदु खालीं जातो. कढत पाणी ते टाळतात, कारण गारठलेली कांच त्यानें तडकते. ठिबकलेल्या पाण्याचा शिडीच्या पायाशीं बर्फ होतो, म्हणून तेथें मीठ किंवा वाळू टाकतात. हातमोज्यांचे दोन-तीन जोड जवळ बाळगतात व एक भिजला कीं बदलतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, कीं वारा फार सुटला किंवा पाय ठेवावयाची जागा निसरडी झाली तर शहाणा कारागीर शिडी उतरतो व घरीं जातो. कांचा उद्यां धुतां येतात.

आमच्या जुन्नर-आंबेगांवाकडे कांचेवर पाणी गोठत नाहीं. पण ओलें काम आणि थंड हवा यांची गांठ येथेंही दर पौषांत पडते, आणि येथें तें काम उद्यांवर ढकलतां येत नाहीं. रात्रीं शेतांत दारें धरणाऱ्यांविषयीं आम्ही बोलत आहों.

शहरांतील वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. पाटाचें किंवा विहिरीचें पाणी शेतांत सोडलें म्हणजे तें आपोआप सगळीकडे पोहोंचत नाहीं. एक वाफा भरला कीं त्याचें तोंड मातीनें बुजवावयाचें, पुढल्याचें फोडावयाचें, मध्येंच पाट फुटला तर धांवत जाऊन तो बांधावयाचा. यालाच दारें धरणें म्हणतात. हातांत फावडें, पाय घोट्यापर्यंत आणि कधीं पोटरीपर्यंत चिखलांत, आणि विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली, अशा अवस्थेंत मनुष्य तासन्‌तास हिंडत असतो. आमच्या भागांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगा व डिंभे अशीं कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें झालीं आणि ऊस, कांदा, द्राक्ष, टोमॅटो यांनीं शिवार हिरवें झालें. कालव्याचें आवर्तन सुटलें म्हणजे तें रात्रंदिवस वाहतें. ज्याची पाळी रात्रीं दोनला आली त्यानें दोनला उभें राहिलें पाहिजे. विहिरीवरच्या पंपाची गोष्ट विजेवर अवलंबून. कृषिपंपांस चक्राकार पद्धतीनें कांहीं दिवस दिवसां ८ तास व कांहीं दिवस रात्रीं १० तास वीज द्यावयाची, ही वहिवाट महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आली. शेतकरी हौसेनें रात्र निवडीत नाहीं.

आम्ही शिक्षक असतांना माघ लागेपर्यंत पहिल्या तासाला डुलक्या घेणारीं चार-दोन मुलें वर्गांत नेहमीं असत. त्यांस उठवून विचारलें तर 'गुरुजी, काल आमचं पाणी होतं' एवढेंच उत्तर मिळे. त्यांचे पाय पाहिले म्हणजे पुढें कांहीं विचारावेंसें वाटत नसे. बोटांच्या बेचक्यांत पांढुरक्या चिखल्या आणि टांचांना भेगा. 'रामः रामौ रामाः' त्या दिवसापुरतें राहून जाई.

आतां थंडी किती पडते तें पाहूं. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तशी रात्र विरळा. पण लाट आली कीं दहा अंशांच्या खालीं पारा जाणें ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे, आकाश निरभ्र असतें, हवा कोरडी असते, आणि दिवसभराची ऊब जमीन रात्रीं झपाट्यानें आकाशाकडे टाकून देते. अशा वेळीं गार झालेली हवा जड होते, आणि पाण्याप्रमाणेंच उताराकडे वाहूं लागते. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड यांच्या खोऱ्यांत ती सांचते. म्हणून ओढ्याकांठचें शेत माळावरच्या शेताहून अधिक गार असतें, हें अनुभवी माणसाला पायानेंच कळतें. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्वांत थंड वेळ मध्यरात्र नव्हे. ती सूर्योदयाच्या सुमाराची. रात्रभर भिजून थकलेल्या मनुष्याला थंडीचा सर्वांत मोठा तडाखा अगदीं शेवटीं बसतो. ज्याचीं दोन्ही प्रकारचीं शेतें आहेत त्यानें जमल्यास सखल शेताचें पाणी रात्रीच्या पहिल्या प्रहरीं व माळाचें पहाटे द्यावें.

दहा अंश म्हणजे कांहीं हिमालय नव्हे, असें कोणी म्हणेल. त्यानें थोडें गणित करावें. विहिरीचें पाणी थंडींत कोमट लागतें, कारण खोल जमिनीचें उष्णमान वर्षभर जवळजवळ एकसारखें राहतें. त्यामुळें पाण्यांत पाय असतांना बरें वाटतें. बांधावर आलें कीं हुडहुडी भरते. अनेक जण म्हणून पाण्यांतच उभे राहतात. येथेंच चूक होते. तें कोमट पाणीसुद्धां कातडीपेक्षां गारच असतें, आणि स्थिर हवेच्या मानानें पाणी सुमारें पंचवीस पट वेगानें उष्णता ओढून घेतें. बाहेर आल्यावर दुसरा कर सुरू होतो तो वाळण्याचा. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते. भिजलेल्या विजारीनें अर्धा लिटर पाणी धरलें असें मानूं. तें अंगावर वाळावयास २९० किलोकॅलरी हव्यात. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य तासाला सत्तर ते ऐंशी किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. म्हणजे जवळजवळ चार तासांची शरीराची कमाई एका विजारीच्या वाळण्यांत खर्ची पडली. निम्मी उष्णता हवेकडून आली असें धरलें तरी दोन तासांची गेलीच. त्यांत वारा असेल तर खर्च आणखी वाढतो. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या दोघां अमेरिकनांनीं दक्षिण ध्रुवाकडील मुक्कामांत वाऱ्यामध्यें पाणी गोठावयास किती वेळ लागतो याचें मोजमाप केलें व तें १९४५ सालीं प्रसिद्ध केलें. वाऱ्यामुळें थंडी किती अधिक लागते हें सांगण्याची हवामानखात्यांची पद्धत तेथून निघाली.

शरीराचें आंतलें उष्णमान ३७ अंश असतें. तें ३५ च्या खालीं गेलें कीं वैद्यकाच्या दृष्टीनें संकटाला आरंभ झाला. त्याची पूर्वचिन्हें मात्र त्याआधींच दिसूं लागतात. हातून फावडें निसटतें. विजारीची गांठ सुटत नाहीं. बोलणें अडखळतें. कोणता वाफा भरला व कोणता राहिला याचा विसर पडतो, आणि विचारलें तर मनुष्य चिडतो. दांतांवर दांत वाजत आहेत तोंपर्यंत शरीर झगडत आहे असें समजावें. थंडी तेवढीच असून कांपरें थांबलें तर बरें वाटूं लागलें असें समजूं नये. तें फार वाईट चिन्ह आहे. या सर्वांत भयंकर गोष्ट ही, कीं ज्याची बुद्धि जड होत चालली त्याला स्वतःला तें कळत नाहीं. 'मला कांहीं झालें नाहीं' असेंच तो म्हणणार. वयस्क मनुष्याला तर थंडी लागल्याची जाणीवही उशीरां होते. म्हणून रात्रीच्या पाण्याला एकट्यानें जाऊं नये, हा आमच्या मतें पहिला नियम. १९१४ च्या हिंवाळ्यांत फ्लँडर्सच्या खंदकांत गोऱ्या फौजांबरोबर हिंदी पलटणीही चिखलांत उभ्या होत्या. ओल्या पायांनीं दिवसचे दिवस काढल्यामुळें हजारों शिपायांचे पाय सुजून बधिर झाले, कित्येकांचे सडले. त्याला बर्फ लागत नाहीं. शून्याच्या वर दहा-पंधरा अंशांतही, पाय बराच काळ ओले राहिले तर, तसें होऊं शकतें. पुढें उपाय निघाला तो साधा: कोरडे मोजे, तेलाची मालीश, आणि शिपायांच्या जोड्या लावून एकानें दुसऱ्याचे पाय पाहावयाचे. स्वतःचे पाय स्वतः पाहण्यावर भिस्त ठेवली नाहीं, यांत मोठें व्यवहारज्ञान आहे.

कपड्यांविषयीं. सुती कापड भिजलें कीं गुन्हेगार होतें. लोकर भिजली तरी बरीच ऊब राखते, आणि आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटांत घेऊनही अंगाला ओली लागत नाहीं. धनगरी घोंगडी आपल्या घरांत आतां कोनाड्यांत पडलेली असते. तिचें खरें स्थान शेतावर आहे. अंगाशीं लोकरी बंडी, वर वारा अडविणारें कांहीं, आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट. गमबूट महाग नाहींत. औषधांहून तर नाहींतच. त्यांत एकदां पाणी शिरलें कीं मात्र ते अनवाणी पायांहून वाईट, म्हणून तेल लावलेले पाय व मोज्यांचा एक जास्तीचा कोरडा जोड पिशवींत असावा. विजारीचाही एक जोड असावा. खिडक्या धुणारा परदेशीं कारागीर हातमोजा बदलतो, त्यांत नाजूकपणा नाहीं. वरचें गणित त्याच्या अंगवळणी पडलें आहे इतकेंच.

आमच्या मुलखांत थंडीला एक जोडीदार आहे, तो परदेशांत नाहीं. जुन्नर वनविभागाखालीं जुन्नर, आंबेगांव, खेड व शिरूर हे चार तालुके येतात, आणि या चारही तालुक्यांत उसाबरोबर बिबट्याही वस्तीला आला. माणिकडोहचें बिबट निवारण केंद्र त्याचीच साक्ष देतें. २००१ ते २००३ या काळांत जुन्नरकडे माणसांवरील हल्ले एकाएकीं वाढले; बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यानें हल्ले घटत नाहींत, उलट वाढतात, असा निष्कर्ष विद्या आत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मांडला. तो प्रश्न मोठा आहे, येथें आटोपणार नाहीं. आम्हांस दाखवावयाचें तें एवढेंच, कीं थंडीचे उपाय आणि बिबट्याचे उपाय एकमेकांच्या आड येतात. थंडी लागली कीं मनुष्य उकिडवा बसून अंग आखडतो. बिबट्याला उभा मनुष्य मोठा दिसतो, बसलेला किंवा वाकलेला मात्र शेळी-कुत्र्याएवढा वाटतो. थंडी लागली कीं मनुष्य कानटोपी ओढून वर मफलर गुंडाळतो. मग मागें उसाचें पान खसखसलें तरी ऐकूं येत नाहीं. म्हणून टोपी पातळ लोकरीची असावी, विश्रांति घ्यावयाची ती उसाच्या कडेला न घेतां मोकळ्या रानांत, झाडाच्या खोडाला किंवा भिंतीला पाठ लावून घ्यावी, आणि हातांत विजेरी व काठी असावी. मोठ्यानें बोलत राहावें. जोडीदार असला म्हणजे बोलणें आपोआप होतें. एकट्यानेंच जाणें प्राप्त झालें तर मोबाइलवर भजन लावावें. विठ्ठलालाही त्यांत वावगें वाटणार नाहीं.

शेकोटीला आमची हरकत नाहीं. बधिर झालेले पाय मात्र तिच्यापाशीं नेऊं नयेत. कातडी भाजते तरी कळत नाहीं. खोपींत दार लावून शेगडी पेटवून झोंपणें हें तर साक्षात् मरण आहे. कोळशाचा विषारी वायु नाकाला वास देत नाहीं, आणि झोंपलेला उठत नाहीं. दारूनें ऊब येते ही समजूत किती माणसांच्या जिवावर उठली असेल कोण जाणे. तिनें कातडीकडचें रक्त वाढतें, म्हणून क्षणभर ऊन वाटतें. वस्तुतः आंतली ऊब बाहेर उधळली जाते. तंबाखू याच्या उलट बोटांचें रक्त तोडते. त्यापेक्षां थर्मासमधील गोड चहा किंवा गुळाचें पाणी बरें. आणखी एक: स्टार्टरची पेटी ओल्या हातांनीं व ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून उघडूं नये. दंवानें पेटीही ओली असते. बधिर बोटाला झिणझिण्या आल्या तरी मनुष्य त्या थंडीच्याच समजतो.

या सर्वांवर खरा उपाय दिवसां वीज, हें कोणीही सांगेल. २०१७ सालीं राज्यांत मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना निघाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला; सूर्याची वीज सूर्य असतांनाच पंपाला मिळावी हा तिचा हेतु. ती ज्या गांवांपर्यंत पोहोंचली तेथें रात्रीचें जागरण सुटलें. द्राक्षबागांतून ठिबकनेंही पुष्कळ काम केलें आहे. नळीला दारें धरावीं लागत नाहींत. परंतु ऊस, गहूं व कांदा यांचें बरेंच रान अजून पाटानेंच भिजतें, आणि कालव्याचें आवर्तन घड्याळ पाहत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घराण्यांचा जमिनीशीं असलेला संबंध १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनीं संपला. कांहींची थोडी शेती अजून गांवीं भाऊबंदांच्या किंवा वाटेकऱ्याच्या हातीं आहे. तेव्हां हें सर्व आम्हांस कशाला, असा प्रश्न येईल. ज्यांची शेती आहे त्यांनीं वाटेकऱ्याला या वर्षीं बियाण्याच्या हिशोबांतच गमबूट, विजेरी व घोंगडी धरून द्यावी आणि रात्रीच्या पाण्याला दुसऱ्या माणसाची मजुरी आपल्या वांट्यांतून घालावी. आमच्या मतें हा उपकार नव्हे, पिकाचा खर्च आहे. ज्यांची शेती नाहीं त्यांनीं हें पान गांवाकडच्या नात्यांतल्या कोणास तरी वाचून दाखवावें.

शेवटीं घरांत जागें राहणाऱ्यांसाठीं. पाण्याला गेलेला मनुष्य कोणत्या शेतांत आहे व वीज केव्हां जाणार हें निघतांना विचारून ठेवावें, आणि वीज गेल्यावर अर्ध्या तासांत तो परतला नाहीं किंवा फोन उचलीत नाहीं तर दोघांनीं विजेरी घेऊन शोधावयास निघावें. उजाडण्याची वाट पाहूं नये. तो गारठून आला तर प्रथम ओले कपडे उतरवावे, अंग कोरडें करावें, मग घोंगडींत गुंडाळून छाती व पोट यांना ऊब द्यावी. हातपाय चोळूं नयेत. पूर्ण शुद्धीवर असेल व नीट गिळत असेल तरच ऊन व गोड प्यावयास द्यावें. बरळत असेल, कांपरें थांबून सुस्ती आली असेल, तर शेक-काढ्यांत वेळ न दवडतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, आणि तोंपर्यंत त्यास आडवें निजवून ठेवावें, चालावयास लावूं नये. नुसतेच पाय गारठून बधिर झाले असतील तर ते कोमट पाण्यांत ठेवावे. पाणी किती ऊन आहे हें त्याच्या पायाला विचारूं नये, आपलें कोपर बुडवून पाहावें, तान्ह्या मुलाच्या न्हाणाला पाहतात तसें.